जुलै १९१४ : रशियाचा घोळ सुटला, जर्मनीचा सुरू झाला

सात प्लेटेस्ट (चाचणीचे खेळ), त्यातल्या पाचांत शांतता. पहिलं महायुद्ध कसं पेटलं यावर बोर्डगेम करतोय आणि माझ्याच टेबलावर ते पेटत नाही, हे रडगाणं मागच्या अपडेटमध्ये वाचलंच असेल. रविवारी, आठव्या खेळात पेटलं. चहा गार झाला तरी कोणी उठलं नाही.

दुखणं रशियाचं होतं. 'अर्धी जमवाजमव' हे कार्ड इतकं स्वस्त होतं की रशिया दर वेळी तेच टाकायचा. कीव्ह, ओडेसा, मॉस्को, कझान या चार लष्करी विभागांत सैन्य गोळा करायचं, जर्मनीच्या सीमेजवळच्या वॉर्साला हात लावायचा नाही. ऑस्ट्रियाला दम बसतो, जर्मनी निवांत, खेळ खलास. प्रत्यक्षात असा तयार आराखडाच रशियाकडे नव्हता. चार विभागांच्या गाड्या एकदा सोडल्या की पुढे सगळ्या देशाच्या जमवाजमवीचं वेळापत्रक कोलमडणार, हे रशियाचाच जनरल दानिलॉव्ह कानीकपाळी ओरडून सांगत होता.

कार्डाची किंमत वाढवली, फासा लावला, प्रतिष्ठेचे गुण कापले. शष्प फरक नाही. शेवटी रशियाला बारा लाकडी ठोकळे दिले, म्हणजे आगगाड्या. अर्ध्या जमवाजमवीला पाच लागतात आणि ते तीन टर्न तिथेच अडकतात. पूर्णला बाराच्या बारा हवेत. बास, एवढंच! (ठोकळे लाकडीच घ्या. प्लास्टिकचे फार हलके, पंखा लावला की गाडी रुळांवरून खाली.)

झार होता माझा भाचा, दहावीतला, इतिहासाशी उभं वैर. २९ जुलैच्या टर्नला त्याने 'पूर्ण' टाकलं. कैसरकडून, म्हणजे जर्मनीच्या सम्राटाकडून, चिठ्ठी आली, तसं ओशाळून उचललं. पाच ठोकळे हातात घेऊन बराच वेळ मोजत बसला, पण लावले नाहीत. पुढच्या टर्नला म्हणाला, "मामा, आता थांबलो तर माझ्या गाड्या पोचतच नाहीत," आणि 'पूर्ण' पुन्हा टाकलं. खऱ्या झारने, निकोलसनेही २९च्या रात्री कैसर विल्हेल्मची तार वाचून हुकूम अर्ध्यावर आणला आणि ३०ला परत पूर्ण केला. भाच्याला मी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

आनंद दहा मिनिटं टिकला. जर्मनीवाला मित्र भडकला, "भांडण रशियाशी, मग मी बेल्जियममध्ये कशाला घुसू?" बेल्जियममधून आधी फ्रान्सवर, याखेरीज त्याच्या हातात दुसरं कार्डच नाही. १ ऑगस्टला कैसरलाही सगळं सैन्य पूर्वेला वळवायचं होतं. त्याचा सरसेनानी मोल्टके म्हणाला, हे आखायला वर्ष लागतं, ऐनवेळी फिरवता येत नाही. फक्त पूर्वेचा आराखडा त्यांनी १९१३मध्येच बासनात गुंडाळला होता. शिवाय बाकीच्यांना जमवाजमव करून सीमेवर थांबता येतं, जर्मनीला नाही, कारण बेल्जियमचं तटबंदीचं शहर लिएज सुरुवातीच्या काही दिवसांतच घ्यायचं असतं. इतिहास म्हणून चोख आहे, पण एकच कार्ड धरून दोन तास कोण बसेल? पूर्वेचं कार्ड द्यावं आणि उलटल्यावर मागे 'रद्द, १९१३' असा शिक्का, असंही डोक्यात आलं. पण त्याला माणूस एकदाच फसेल.

नकाशाही पुन्हा छापायचाय. लॅमिनेशनमध्ये नेमका सारायेव्होवर, जिथे ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या खुनाने हे सगळं सुरू झालं, फुगा आलाय, आणि दुकानदार म्हणतो, "चालतंय की."

थांबा, हे लिहितानाच एक सुचलं. फ्रान्सला सुरुवातीला काही कामच नसतं, ही वहिनींची जुनी तक्रार. मुळात ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता २३ जुलैच्या संध्याकाळी दिला तोच फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष प्वांकारे सेंट पीटर्सबर्गहून निघण्याचा मुहूर्त साधून. त्यानंतर तो २९पर्यंत बहुतेक समुद्रावरच. मग फ्रान्सच्या खेळाडूला पहिले सहा टर्न खोलीबाहेरच का काढू नये? आत फक्त चिठ्ठ्या येतील, त्याही उशिरा. जर्मनीचं नंतर बघू, आधी हे.

वहिनींना लगेच विचारलं. "भावोजी, स्वयंपाकघर सोडून कुठंही पाठवा." गॅलरीत खुर्ची टाकतोय.