वाकळीतली सहा

पावसाळा आमच्या पेस्ट कंट्रोलच्या धंद्याचा सीझन. पंचगंगेचं पाणी चढलं, गटारं तुंबली की उंदीर-घुशी कोरडी जागा शोधत घरात येतात आणि सकाळपासून फोन वाजायला लागतो. जुलैतला हा असाच एक.

शिवाजी पेठेतलं घर. पुढं दगडी जोतं, मातीच्या भिंती, वर कौलं; मागं मात्र ओटा, सिंक, टाइल्स असं नवं स्वयंपाकघर. जुन्या-नव्याचा सांधा असला की मी आधी तिथंच बॅटरी मारतो. मालकांनी दारातच सांगितलं, "औषध टाका आणि विषय संपवा."

फ्रिजखाली त्यांनी आधीच चिकट पॅड ठेवलं होतं. त्यावर उंदीर नव्हता, पाल होती. शेपूट आणि मागचे दोन पाय अडकलेले, तोंड उघडं. गोडंतेल मागून घेतलं, बोटानं थेंब थेंब सोडत पाय सुटे केले. या पॅडवर बंदी घाला म्हणून प्राणी कल्याण मंडळानं राज्यांना कळवलंय, पण दुकानात ते झाडूशेजारी टांगलेलं असतं. औषधाचं म्हणाल तर ते खाऊन उंदीर जागच्या जागी मरत नाही. तीन-चार दिवस आतल्या आत रक्तस्राव होत राहतो, आणि मरतो तो नेमका भिंतीच्या पोकळीत. मग वासासाठी परत आम्हालाच फोन.

मी तारेचा पिंजरा लावला. आमिष शेंगदाण्याचा कूट गुळात मळून. भज्यापेक्षा हे बरं, उचलून पळता येत नाही. रात्री ओट्यापासून खोलीच्या दारापर्यंत गव्हाचं पीठ भुरभुरलं.

सकाळी पिंजऱ्यात एक बारका उंदीर. मालक खूश. मी हातमोजे घालून पिंजरा उजेडात धरला. तो जाळीवर उभा राहिला तेव्हा पोट दिसलं. आचळांभोवतीचे केस झडून गुलाबी कातडी उघडी पडलेली. म्हणजे ही मादी, आणि घरात कुठंतरी तिची पिल्लं दूध पितायत. सोडून यायला पिंजरा उचलला होता, तो खाली ठेवला.

कोपऱ्यात आज्जी ताक घुसळत होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं रे बाळ?" मी सांगितलं. रवी थांबली. "मग ती लेकरं उपाशीच की!"

मालक म्हणाले, "आई, तू मधी पडू नकोस." आज्जींनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "हुडक."

पिठावरची पावलं आज्जींच्या खोलीत जात होती, ट्रंकेच्या मागं. ट्रंकेवर वाकळांची चळत. तिसरी वाकळ उचलल्यावर हाताला ऊब लागली. खालच्या वाकळीचा कोपरा कुरतडून केलेला पेला, आत लुगड्याच्या चिंध्या, कापूस, वर्तमानपत्राचे धागे. त्यात सहा पिल्लं. अंगावर बारीक लव आलेली, डोळे मिटलेले. म्हणजे आठ-दहा दिवसांची. डोळे उघडतात दोन आठवड्यांनी, दूध सुटायला तीन आठवडे.

बारा वर्षांत मी हे किती वेळा न बघता पुढं गेलो असेन, याचा हिशेब मी करत नाही.

तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा धुऊन घेतला, वरून जाळी बांधली. घरटं वाकळीच्या कोपऱ्यासकट कापून आत ठेवलं. आज्जींनी स्वतःच कात्री दिली. मग मादी आत सोडली. पहिले दोन दिवस डब्याकडं कुणी बघायचंसुद्धा नाही, घाबरली तर आई पिल्लं खाते, एवढं बजावून सांगितलं. दाणे आणि पाणी आज्जींकडं.

पिल्लांचं दूध सुटेपर्यंतच्या बारा दिवसांत खरं काम उरकलं. शिसपेन्सिल आत गेली की उंदीरही जातो, ही आमची मोजपट्टी. सिंकच्या पाइपभोवती अंगठ्याएवढी फट. दाराखाली तशीच. कौलांच्या वळचणीला तर विचारू नका. तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट मारलं. नुसता फोम मारला तर रात्रीत कुरतडून मोकळं. तांदूळ, डाळी पत्र्याच्या डब्यांत गेल्या.

बाराव्या दिवशी डबा परसातल्या लाकडांच्या ढिगाशी आडवा केला. लांब नेऊन सोडलं तर अनोळखी जागी ती बहुतेक टिकत नाहीत. सातही जण बाहेर यायला पाऊण तास लागला. मालक चहाचा कप घेऊन उभे होते, चहा गार होऊन साय धरली.

पंधरवड्यानं पुन्हा पीठ टाकून पाहिलं. नुसती मुंग्यांची रांग. आज्जी वाकळीच्या तुटक्या कोपऱ्याला ठिगळ लावत बसल्या होत्या.