शुशोएनचा स्की वीकेंड: वॅक्स लावायला दहा मिनिटं, खरवडायला अर्धा तास

ओस्लोत राहणारी आपली बरीच मंडळी घराजवळच्या जंगलात एक चक्कर मारतात आणि झालं स्कीइंग म्हणतात, पण एकदा तरी शुशोएनला जाऊन मुक्काम करा. लिलेहामरच्या वरच्या अंगाला डोंगरावरचं मोकळं पठार आहे, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास मशीनने आखलेले ट्रॅक आहेत आणि खाली गावात बर्फ वितळून चिखल झाला तरी वर पांढरंशुभ्र असतं. ओस्लोहून लिलेहामरची ट्रेन दोन तासांच्या थोडी वर घेते. जाताना डावीकडची खिडकी पकडा, पुढे बराच वेळ म्योसा तलाव सोबत असतो. स्टेशनवरून वर बस जाते, फक्त वीकेंडचं टाइमटेबल आधी बघून ठेवा. डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी न्या, वर खायला मिळतं पण बिल बघून भूक मरते.

आता मुद्द्याचं. केबिन बुक करताना सौनाबिना नंतर बघा, आधी वॅक्सिंगचं, म्हणजे स्कीच्या तळाला मेण लावायचं टेबल आणि स्की पकडायचे स्टँड आहेत का ते विचारा. आमच्या केबिनच्या तळघरात सगळा सरंजाम होता आणि मालक आजोबा स्वतः खाली येऊन बसले. हे बिर्केबायनर या लांब स्की रेसवाले, म्हणजे रेनापासून लिलेहामरपर्यंत 54 किलोमीटर, तेही पाठीवर किमान साडेतीन किलोची पिशवी घेऊन (1206 मध्ये दोन योद्ध्यांनी छोट्या राजपुत्राला स्कीवरून डोंगरापार नेलं त्याची आठवण म्हणून ते वजन). ही रेस शुशोएनवरूनच जाते, त्यामुळे इथे वॅक्स हा विषय लोक फार मनावर घेतात. वॅक्स वितळवून पसरवायला स्कीवर इस्त्री कशी फिरवायची ते आजोबांनी दोन वाक्यांत उरकलं आणि उरलेली संध्याकाळ फक्त खरवडणं शिकवलं, जे मला तरी एकदम पटलं.

कारण असं की वॅक्सचं खरं काम बेसच्या (स्कीच्या तळाच्या) आत मुरलेलं वॅक्स करतं. वर जो थर दिसतो तो नुसता अडथळा. थंडीत बर्फाचे कण टोकदार असतात, ते त्या थरात रुततात आणि स्की ओढल्यासारखी चालते. शिवाय बेसवर बारीक रेघा कोरलेल्या असतात, पाणी धरून न ठेवण्यासाठी, त्या वॅक्सने बुजल्या की ओल्या बर्फात स्की चिकटते. म्हणून दिसतंय ते सगळं वॅक्स काढायचं, घाबरायचं नाही, मुरलेलं आतच राहतं.

पहिलं म्हणजे थांबा. इस्त्री झाली की स्की खोलीतच गार होऊ द्या, वीस-तीस मिनिटं, गरम असताना खरवडलं तर मुरू पाहणारं वॅक्सही ओढून बाहेर येतं. लवकर गार व्हावी म्हणून बाहेर बर्फात नेऊन ठेवायची आयडिया प्रत्येकाला सुचते, करू नका. अपवाद कडक थंडीच्या हिरव्या वॅक्सचा, ते पूर्ण गार झालं की ठिसूळ होऊन टवके उडतात, म्हणून त्याचे निदान कडा आणि मधली खाच कोमट असतानाच साफ करून घ्यायच्या.

मग क्रम. आधी मधली खाच, मग दोन्ही बाजूच्या कडा, सगळ्यात शेवटी सपाट बेस. खाच आधी का, तर तिथे अवजार सटकलं आणि बेसवर ओरखडा उठणार असेल तर वर वॅक्सचा थर असलेला बरा. खाचेसाठी गोल टोकाची पेनसारखी काडी मिळते, आणि बऱ्याच स्क्रेपरचा (खरवडायच्या पट्टीचा) एक कोपरा कडेसाठी कापलेला असतो, तो वापरा.

बेसला प्लास्टिकचाच स्क्रेपर, धातूचा नको. दोन्ही हातांनी धरायचा, अंगठे मागून, थोडा कलता, आणि पुढच्या टोकाकडून शेपटीकडे लांब लांब हात मारायचा, उलटं कधीच नाही. आपण जोर लावतो तिथेच चुकतं, जोराने स्क्रेपर वाकतो आणि मधे जास्त, कडेला कमी असं निघतं. हलक्या हाताने पाच-सहा फेऱ्या मारा, सुताराच्या रंध्यातून छिलके निघावेत तसा पातळ कीस निघाला पाहिजे. कीस न निघता नुसती पांढरी पावडर येत असेल किंवा स्क्रेपर थडथड उडत असेल तर धार गेलीय. धार लावायचं छोटं यंत्र मिळतं, नाहीतर सपाट लाकडावर सँडपेपर ठेवून स्क्रेपर ताठ उभा धरून घासा. माझ्या मते महागड्या वॅक्सपेक्षा धारदार स्क्रेपरवर पैसे घालवलेले कधीही चांगले.

नंतर ब्रश, आधी ब्राँझचा, मग नायलॉनचा, तेही टोकाकडून शेपटीकडेच. आजोबांची एक ट्रिक: ब्रश झाल्यावर स्की थोडा वेळ बाहेर थंडीत ठेवायची आणि सकाळी निघताना परत नायलॉन ब्रश मारायचा, रात्रीतून थोडं वॅक्स वर आलेलं असतं ते निघून जातं. आम्ही उणे आठमध्ये निघालो आणि उतारावर फरक कळला, आमच्यातल्या ज्यांनी कंटाळा करून अर्धवट खरवडलं होतं ते सपाटीवरही काठ्या मारत होते, नावं घेत नाही.

क्लासिक स्की (ट्रॅकमध्ये पाय सरळ पुढेमागे सरकवत चालायची) असेल तर पायाखालचा मधला पट्टा, जिथे पकड घेणारं वॅक्स लागतं, तिथे हे घसरण्यासाठीचं ग्लाइड वॅक्स अजिबात जाऊ द्यायचं नाही, टेपने खूण करून ठेवा. भाड्याने हल्ली बहुतेक स्किन (पकडीसाठी तळाला लावलेला केसाळ पट्टा) असलेल्या स्की मिळतात, तर त्या स्किनवर खरवडायच्या आधी टेप चिकटवा, कीस त्यात गेला की काढता काढता नाकी नऊ येतात. पकडीचं चिकट वॅक्स मात्र गार असतानाच सोपं निघतं, आधी खरवडा, मग रिमूव्हर आणि कागद. रिमूव्हर ग्लाइडच्या भागावर लावत बसू नका, आणि भारतातून किंवा युरोपातून विमानाने येणाऱ्यांनी तो बॅगेत भरू नका, ज्वलनशील असतो, इथेच घ्या.

जुन्या बाजारात स्वस्तात फ्लोरिन असलेली वॅक्स दिसतात, ती सोडून द्या. एफआयएस या आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने 2023-24 च्या सीझनपासून रेसमध्ये त्यांच्यावर बंदी घातलीय आणि ते रसायन निसर्गात वर्षानुवर्षं तसंच राहतं. खरवडलेला कीसही बर्फात झटकायचा नाही, खाली जुनी चादर अंथरा आणि गोळा करून कचऱ्यात टाका. लादीवर पडला तर पाय हमखास घसरतो, मोज्यांवर तर विचारूच नका.

सीझन संपला की शेवटचा वॅक्सचा जाड थर द्यायचा आणि तो न खरवडता तसाच ठेवून स्की कपाटात टाकायची, बेस सुकत नाही. फक्त पुढच्या डिसेंबरात बाहेर पडायच्या आदल्या रात्री वेळ काढून ठेवा, तो थर निघायला जास्त वेळ लागतो.