शुगर कोविडमुळेच लागली का?

"तुमची शुगर कोविडमुळेच ना हो?" लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाला नको म्हटलं की शेजारून हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं. मीही बरेच दिवस तेच सांगत होतो. बरं वाटायचं, आपली चूक नाही, बाहेरून आलं.

तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगतो. 2021 च्या एप्रिलमध्ये नाशकात मला दाखल केलं. ऑक्सिजन उतरला होता, म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झालं, रोज 6 मिलिग्रॅम. तिसऱ्या रात्री सिस्टरनं बोट टोचलं, मशीनवर 412. स्टेरॉइडनं यकृत रक्तात साखर सोडत राहतं आणि पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात. औषध तर थांबवता येत नव्हतं, मग पोटावर इन्शुलिनची सुई. वॉर्डात म्युकरची, म्हणजे काळ्या बुरशीची, धास्ती. मी रोज आरशात डोळ्यांखाली सूज आहे का ते बघायचो.

घरी आल्यावर बिलं लावताना फाईलीत एक कागद दिसला. दाखल झालो त्या दिवशीचं, स्टेरॉइडच्या पहिल्या डोसाआधीचं एचबीएवनसी: 7.4. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते आणि 6.5 पासून पुढे मधुमेह धरतात. म्हणजे संक्रांतीला मी तिळगुळाचा डबा संपवत होतो, तेव्हाच घोळ झालेला होता.

धाकट्या भावाचं तसं नाही. त्याच्या कंपनीत दरवर्षी तपासणी होते. 2020 मध्ये 5.4. मग कोविड, घरच्या घरी, तीन दिवस ताप, स्टेरॉइड नाही. पुढच्या वर्षी 6.7, वजन होतं तेवढंच. त्याच्या बाबतीत डॉक्टरही कोविडला निर्दोष सोडत नाहीत. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरचा एक मोठा अभ्यास 2022 मध्ये आला: कोविड होऊन गेलेल्यांत वर्षभरात मधुमेह निघण्याची जोखीम सुमारे 40 टक्के जास्त. ऐकून पोटात गोळा येतो, पण हिशेब केला तर हजारामागे तेराएक जण जादा. तेही बहुतेक वयस्क गोरे पुरुष. भाऊ म्हणतो, त्यांत मी कुठे बसतो?

तरी त्याच्याकडे 5.4 चा कागद आहे, त्यामुळे तो कोविडला खुशाल शिव्या घालतो. माझ्याकडे आधीचं काहीच नाही. दाखल होईपर्यंतच्या पंचेचाळीस वर्षांत मी बोट एकदाच टोचून घेतलं होतं, तेही मलेरियासाठी.