तुम्ही विचारलंत म्हणून: ख्रिस्ती माणसाचा बुधवार-शुक्रवार

“तुम्ही तर ख्रिस्ती, मग उपास कसला?” मिरजेत शेजारच्या बायका मला हमखास विचारतात. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न वेगळाच असतो: “आपल्या आजापणजांनी वार आणि उपास सोडले, तू कशाला परत धरलेस?”

मी धरलेले वार फार जुने आहेत. ‘दिदाखे’ ही प्रेषितांची, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांची, शिकवण सांगणारी छोटी पोथी. बरेच अभ्यासक ती पहिल्या शतकाच्या अखेरची मानतात. मधली कित्येक शतकं ती कुणाच्या पाहण्यात नव्हती. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात तिची हस्तलिखित प्रत हाती लागली आणि १८८३ मध्ये ती छापून आली. तिच्यात सरळ सांगितलंय: बुधवारी आणि शुक्रवारी उपास करा, प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा. तेर्तुल्यन या जुन्या ख्रिस्ती लेखकाच्या सन २०० नंतरच्या लिखाणातून कळतं, की लोक हे उपास दुपारी तीनच्या सुमाराला सोडत. मीही तीनलाच सोडते. साबुदाणा नाही, फळं नाहीत. तोवर पाणी, मग भाजी-भाकरी.

पण मला खरं धरून ठेवलं ते हर्मासनं. हा दुसऱ्या शतकातला, रोमचा. उपास कसा करावा ते त्यानं लिहून ठेवलंय: आधी वाईट बोलणं आणि वाईट इच्छा टाळ. त्या दिवशी नुसती भाकर आणि पाणी घे. एरवी जे जेवला असतास त्याचा खर्च मोज आणि तेवढे पैसे विधवेला, अनाथाला, गरजवंताला दे. असा उपास देवाला मान्य होतो, असं तो म्हणतो. हे वाचलं आणि उपास माझ्या स्वयंपाकघरात आला. जे शिजलं नाही त्याचे पैसे एका डब्यात पडू लागले. मिरजेत दवाखाने पुष्कळ, पार कर्नाटकातून पेशंट येतात आणि त्यांची माणसं पायऱ्यांवर, वऱ्हांड्यात दिवस काढतात. डब्यातले पैसे त्यांच्या जेवणाला जातात.

“उपासानं तारण होत नाही,” म्हणजे पापातून सुटका होत नाही, असं वडीलधारे बजावतात. खरंच होत नाही. तारण कृपेनंच होतं, हे मी त्यांच्याइतकंच मानते, आणि रविवारी त्यांच्याच शेजारी बसून उपासना करते. मिशनऱ्यांचं ऋणही मला ठाऊक आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं दवाखाना उभा केला नसता, तर आज मिरज ज्यासाठी ओळखली जाते ते कदाचित घडलंच नसतं. पण आमचा विश्वास १८९४ मध्ये जन्मलेला नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा व्यापारी ‘कल्लियाना’ इथं इराणातून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो, आणि अनेक अभ्यासकांच्या मते ते आपलं कल्याण. म्हणजे इंग्रजांची वखार पडण्याच्या हजारभर वर्षं आधी! म्हणून “हे सगळं साहेबानं आणलं” असं कुणी म्हणालं, की मी शांतपणे कल्याणचं नाव घेते.

आता मंडळीतल्या काही पोरीही शुक्रवार धरतात. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांना मी उपास धरू देत नाही. त्यांनी वेळेवर जेवावं आणि डब्यात पैसे टाकावेत.