पाठकोरे कागद

दुपारी सभागृहात राष्ट्रगीत झालं, पुढचं अधिवेशन मुंबईत कोणत्या तारखेला ते वाचून झालं, आणि दोन तासांत नागपूरच्या आमदार निवासाला लग्न पार पडलेल्या घराची कळा आली. दारोदार बॅगा, संत्रा बर्फीचे डबे आणि कोपऱ्याकोपऱ्यांत कागदांचे ढीग. प्रश्नांच्या याद्या, लक्षवेधींची निवेदनं, पुरवणी मागण्यांची पुस्तकं. रद्दीवाल्याचा पोऱ्या खाली कधीपासून घुटमळत होता. त्याला आमच्या कामकाजाची वेळ आमच्यापेक्षा पक्की ठाऊक असते.

माझी अडचण अशी की मला पाठकोरा कागद टाकवत नाही. पी.ए. हसतो. हसू दे.

लहानपणी मे महिन्यात आमच्या पडवीत हाच उद्योग चालायचा. वडील प्राथमिक शिक्षक. निकाल लागला की सगळ्या भावंडांच्या जुन्या वह्या पुढ्यात घेऊन बसायचे. कोरी पानं एकीकडे, पाठकोरी दुसरीकडे. मग दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवण, वरून जुन्या कॅलेंडरचं पान खळीनं चिकटवलेलं. शाईच्या पेनानं लिहिलेलं पलीकडे उलटं उमटायचं. त्यामुळे आठवीचा इतिहास लिहिताना खालून सातवीचं सरळव्याज डोकावायचं. मार्कांवरही त्याचा परिणाम झाला असावा, पण ते असो.

तर ढीग उपसताना माझा साकवाचा, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाचा, प्रश्न हाती आला. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा, दिला होता. तासाभरात तोंडी होणारे प्रश्न हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आपला नंबर पार खाली, म्हणजे नुसतं लेखी उत्तर. मतदारसंघातल्या एका वाडीचा पऱ्यावरचा साकव पावसात वाहून गेला, 'हे खरे आहे काय?' शाळेच्या मुलांना पाण्यातून जावं लागतं, 'हे खरे आहे काय?' असल्यास, कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तर असं :

(१) हे अंशतः खरे आहे.

(४) प्रश्न उद्भवत नाही.

मधली दोन उत्तरं वाचूच नका. पहिल्यांदा माझं डोकं तापलं. साकव अंशतः कसा वाहून जातो? मग आठवलं, अलीकडचा एक खांब अजून उभा आहे. त्यावर पोरं दप्तरं ठेवतात आणि पँटी वर दुमडतात. उत्तर लिहिणारा खोटं बोलत नव्हता हो.

ही भाषा अंगात भिनते मात्र. सकाळी घरून फोन आला.

"गोळ्या घेतल्यात का?"

"हे अंशतः खरे आहे."

"म्हणजे?"

"एक घेतली."

"आणि दुसरी?"

"बाब विचाराधीन आहे."

तिनं फोन ठेवला. सभात्याग म्हणायचा, दुसरं काय.

नागपूरला अधिवेशन का, असं मला कोकणातली माणसं दरवर्षी विचारतात. १९५३ च्या २८ सप्टेंबरचा नागपूर करार त्यांना मी सांगतो. राजधानीचा मान सोडून विदर्भ महाराष्ट्रात आला तो काही शब्द घेऊन, त्यातला वर्षातून एकदा इथं बसण्याचा हा एक. ते मान डोलावतात आणि तर्री पोह्यांबद्दल विचारतात. पोह्यांबद्दल मीही जास्त उत्साहानं बोलतो, हे कबूल. या थंडीत सकाळी सकाळी ती लाल तर्री पोटात गेल्याशिवाय 'होय'सुद्धा नीट म्हणता येत नाही.

ढिगाच्या तळाशी वाडीचं मूळ निवेदन होतं. खात्याकडे झेरॉक्स गेली, मूळ प्रत माझ्याकडेच राहिलेली. 'मा. आमदारसाहेब यांसी', खाली सह्या, आणि सह्यांच्या खाली सात-आठ अंगठे. नातीच्या वहीसाठी पाठकोऱ्या कागदांत टाकावं म्हणून उलटलं, तर अंगठ्यांची शाई पाठीमागे उमटलेली. एक अंगठा तर इतका दाबलेला की कागद मागून फुगला होता. म्हणजे हा काही पाठकोरा नव्हे. तो वेगळा काढला आणि जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला.

विमानतळाकडे जाताना गाडी सीताबर्डीच्या उड्डाणपुलावर चढली. पुलाला गोवारी शहिदांचं नाव आहे. २३ नोव्हेंबर १९९४, असंच हिवाळी अधिवेशन चालू होतं. गोवारी समाज आपला प्रश्न घेऊन विधान भवनाच्या दिशेनं आला होता. चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, त्यांत बाया आणि लेकरं होती. दरवर्षी इथून जातो. दरवर्षी या पुलावर फोन खाली ठेवतो. त्यापलीकडे काही करत नाही.

काउंटरवरच्या मुलीनं बॅग वजनकाट्यावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"सर, वजन जास्त होतंय. काय आहे यात?"

"पाठकोरे कागद."

तिला शब्द कळला नाही. मी बर्फीचे दोन डबे बाहेर काढून हातात घेतले. तरी काटा थोडा पुढेच राहिला. तिनं जाऊ दिलं.