पन्हळीला देणगीदार मिळत नाही

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत माझा निम्मा जीव चुन्यात जातो आणि निम्मा कागदात. चुन्याबद्दल लोक कौतुकाने विचारतात, कागदाबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून आधी तेच उरकते.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. कशावर खर्चायचे, त्याच्या यादीत ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती चक्क लिहिलेली आहे. पण वास्तू म्हणजे देऊळ, मशीद किंवा चर्च निघालं की समोरचा माणूस खुर्चीत मागे सरकतो. ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी मान्यता, असलेल्या संस्थेला उत्पन्नाच्या ५ टक्क्यांवर धार्मिक खर्च चालत नाही. केंद्र सरकारने ऐतिहासिक म्हणून अधिसूचित केलेल्या प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीसाठी ८०जी मध्येच वेगळी सोय आहे, पण सातारा जिल्ह्यातली किती लहान चर्च त्या यादीत जाणार? त्यामुळे ‘धार्मिक नाही, वारसा आहे’ हे पटवण्यातच वर्ष निघून जातं.

सध्या मी ज्या चर्चच्या दुरुस्तीत आहे, ते पाचगणी-महाबळेश्वर पट्ट्यातलं, ब्रिटिश अमदानीतलं, जांभ्याच्या भिंतींचं. नाव मुद्दाम देत नाही. रविवारच्या उपासनेला मोजकी मराठी कुटुंबं येतात, खजिनदार एक निवृत्त मास्तर. मुंबईच्या एका कंपनीच्या फाउंडेशनने मदत मंजूर केली. त्यांच्या पत्रात बाहेरचा गिलावा, रंग, दर्शनी भागावर दिवे आणि संगमरवरी पाटी. माझ्या अंदाजपत्रकात पहिलं कलम पन्हळ.

दुखणं तिथेच होतं. छपराचे दोन उतार जिथे मिळतात, तिथली पत्र्याची पन्हळ कुजली होती आणि सगळं पाणी भिंतीच्या डोक्यात उतरत होतं. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात ही गळती. पूर्वी मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतींना गवताच्या झडी, म्हणजे पाऊस अडवणारे पडदे, बांधत. मग कुणीतरी ‘कायमचा इलाज’ म्हणून जांभ्यावर सिमेंटचा गिलावा मारला. सिमेंट भिंतीला श्वास घेऊ देत नाही. वरून शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाट बंद, म्हणून ते आत सरकलं, आतल्या पांढऱ्या भिंतीवर लोणा, म्हणजे क्षार, फुटला. मंडळी दर नाताळला त्यावर डिस्टेंपर मारत आली. आजार आत आणि मलम बाहेर, असला प्रकार.

फेब्रुवारीत फाउंडेशनच्या मॅडम पाहणीला आल्या, सोबत त्यांचे सीए. मेणवलीकडचे आमचे गवंडीमामा परांचीवर होते. हातोडीचं मागचं टोक ते भिंतीवर टकटक वाजवत सरकत होते. आवाज पोकळ आला की खडूने गोल. निम्म्याहून जास्त भिंत गोलांनी भरली. मग त्यांनी एका गोलाच्या कडेला छिन्नी घातली नि गिलाव्याचा परातीएवढा पापुद्रा अखंड खाली आला. मागचा जांभा भिजलेल्या गुळाच्या ढेपेसारखा झाला होता. मामांनी बोट घातलं, ते पेरभर आत गेलं.

मॅडम म्हणाल्या, “हे तर आधीपेक्षा वाईट दिसतंय.”

खरंच होतं ते. सीएंना वेगळीच काळजी, चर्चवर कंपनीचं नाव लावलं तर गावातून ओरड होईल का. मामा परांचीवरूनच बोलले, “आमच्या मेणवलीत मेणेश्वराच्या देवळात वसईची घंटा आहे, तिच्यावर मरियम न् बाळ आहे. १७०७ ची. कोण ओरडतंय?” सीएंनी ते वहीत लिहून घेतलं, कोणत्या रकान्यात, देव जाणे.

खरी अडचण ३१ मार्च. त्यांना त्याआधी ‘काम पूर्ण’चा फोटो हवा होता. चुना मार्च ओळखत नाही. भिजवलेला चुना जितका मुरेल तितका बरा. त्यात वाळू नि सुरखी (विटेचा चुरा), आणि मामांच्या हट्टापायी गुळाचं नि हिरड्याचं पाणी. आधी सांधे कोरून दरजा भरायच्या, मग पातळ थर, ओलं गोणपाट, थांबायचं, पुन्हा थर. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो हळूहळू दगड होतो. घाईत जाड थर दिला की भेगाळतो. आणि या भिंतीला तर आधी सुकायलाच महिने हवे होते.

मी म्हटलं, कायद्यातच सोय आहे, काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून दाखवा, उरलेली रक्कम ३० एप्रिलच्या आत वेगळ्या खात्यात टाका, पुढे तीन आर्थिक वर्षं मिळतात. सीएंना हे माझ्याहून चांगलं माहीत होतं. “त्याला बोर्डाचा ठराव लागतो,” ते म्हणाले, आणि विषय संपला. वारसा जपण्याआड कायदा क्वचितच येतो. बहुतेक वेळा कुणाला तरी एक जादा ठराव मांडायचा नसतो.

मॅडम मात्र माणूस सरळ. जाताना त्यांनी विचारलं, “पन्हळ बदलल्याचा फोटो मी देणगीदाराला दाखवू तरी कसा?” यावर मी काहीतरी तांत्रिक बोलले. त्यांचं समाधान झालं नाही, आणि विचार केला तर माझंही नाही. न गळणाऱ्या छपराचा फोटो कसा काढतात?

तोडगा मास्तरांनी काढला. मार्चपर्यंत छप्पर, पन्हळी आणि खाली उतरणारे पाइप पूर्ण करायचे. सिमेंट सगळं काढून भिंत उघडी ठेवायची. पावसाळ्यापुरत्या जुन्यासारख्या गवताच्या झडी, भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे मागून वारा खेळेल. गिलावा पावसाळ्यानंतर. मॅडमनी ठराव मांडायचं कबूल केलं. गवत कोणत्या शीर्षाखाली टाकायचं यावर मात्र सात-आठ ईमेल झाल्या, शेवटी ‘तात्पुरते संरक्षण’ ठरलं.

पाटी एप्रिलमध्येच लागली. तिच्यावर ‘जीर्णोद्धार पूर्ण’ असं कोरलंय. बोर्डाची बैठक ऑगस्टमध्ये आहे. मामांना दिवाळीनंतरची तारीख देऊ का, हे मास्तर दर आठवड्याला फोन करून विचारतात. बंगल्यांची कामं मामांच्या दाराशी उभी आहेत, आणि चुना पिंपात मुरतोय.