जबड्याचा पेशंट आणि साठ गोलवाला डीन

लिव्हरपूलला नर्सिंग करायला लागल्यापासून एक कळलंय, इथल्या पेशंटला दुखतंय का विचारण्याआधी फुटबॉलची टीम कुठली विचारा, तो लगेच खुलतो. मी सोलापूरची, क्रिकेटवाली, पण तेवढं शिकलेय.

त्या दिवशी एक विशीतला पोरगा होता, मोटरसायकलवरून पडलेला, जबडा दोन जागी फ्रॅक्चर, टायटॅनियमच्या प्लेट्स टाकलेल्या, दात रबरांनी आवळलेले म्हणून मोबाइलवर टाइप करून बोलायचा. क्लबात सेंटर फॉरवर्ड, म्हणजे पुढे राहून गोल मारणारा. "माझं फुटबॉल संपलं" असं लिहून स्क्रीन माझ्यापुढे धरली, मला काय बोलावं सुचेना. शेजारी त्याचे आजोबा, एव्हर्टन या इथल्याच क्लबचे कट्टर फॅन, ते म्हणाले, "डिक्सी डीन ऐकलायस का गं, लव्ह?" आणि सुरूच झाले.

डीन जुन्या काळचा फुटबॉलपटू, नदीपलीकडच्या बर्कनहेडचा. 1925 मध्ये एव्हर्टनने त्याला ट्रॅनमिअर क्लबकडून 3 हजार पौंडांना घेतला आणि पुढच्याच वर्षी उन्हाळ्यात नॉर्थ वेल्समध्ये मोटरसायकलचा अपघात, कवटी आणि जबडा दोन्ही फुटलं, दीड दिवस शुद्ध नाही, डॉक्टर म्हणाले आता खेळणं विसरा. पठ्ठ्या ऑक्टोबरमध्ये मैदानात! आणि 1927-28 च्या सीझनला लीगच्या 39 मॅचमध्ये 60 गोल, वय फक्त 21. आदल्याच वर्षी मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने सेकंड डिव्हिजनमध्ये 59 मारलेले, तो विक्रम मोडायला शेवटच्या तीन मॅचमध्ये डीनला नऊ हवे होते, त्याने दोन, चार आणि आर्सेनलविरुद्ध तीन मारले, साठावा कॉर्नरवरून हेडर, म्हणजे डोक्याने मारलेला. हे सगळं आठवड्याला जास्तीत जास्त 8 पौंड पगारात, कारण त्याच्यावर कुणालाच द्यायचे नाहीत असा नियमच होता.

डोक्यात लोखंडी पट्टी होती म्हणून हेडर तसा बसायचा, असंही आजोबा ठासून म्हणाले. ती मला थापच वाटते, पण मी कशाला वाद घालू.

खरं सांगू, मला साठ गोलांपेक्षा ते चार महिनेच जास्त भारी वाटले. जबड्याच्या फ्रॅक्चरला आमची मोठी भीती इन्फेक्शनची, आणि पेनिसिलिनचा शोधच लागला 1928 ला, तेव्हा सीटी स्कॅन नाही, अँटिबायोटिक नाही, हाड आपलं आपण जुळायचं. त्यात तो लेसवाला चामडी बॉल, पावसात पाणी पिऊन जड झालेला, आणि हा माणूस नुकत्या जुळलेल्या कवटीने तो मारतोय, मी वॉर्डात असते तर ओरडले असते त्याच्यावर.

बाकी आजोबांनी 1932 ची लीग, 1933 चा एफए कप वगैरे भराभर उरकलं. डीन गेला तोही एव्हर्टनच्या गुडिसन मैदानावर, 1980 ला लिव्हरपूल क्लबविरुद्धची मॅच बघता बघता, हार्ट अटॅक. त्या दिवशी आजोबा स्वतः स्टँडमध्ये होते म्हणे.

तेवढ्यात सर्जन राउंडला आले. पोराने टाइप केलं, हेडर कधी मारू? ते म्हणाले तीन महिने बॉल डोक्याच्या आसपाससुद्धा नको. पोराचं तोंड उतरलं तर आजोबा म्हणतात कसे, "डीनला चार लागले होते, तुझं स्वस्तात सुटलं."